आयटिल ४ : सेवा चालवणाऱ्याच्या बाजूने केलेले परीक्षण

माहिती तंत्रज्ञानाच्या सेवा कशा चालवाव्यात हे सांगणाऱ्या ज्या चौकटी आज वापरात आहेत, त्यांत आयटिल ही बहुधा सर्वांत परिचित चौकट आहे. तिच्या चौथ्या आवृत्तीचे, म्हणजे आयटिल ४ चे, हे परीक्षण सेवा-व्यवस्थापनात प्रत्यक्ष काम करणारा म्हणून मी लिहीत आहे. तिचे पायाभूत पुस्तक, प्रत्येक प्रॅक्टिसवरच्या, म्हणजे कामाच्या एकेका क्षेत्रावरच्या, स्वतंत्र मार्गदर्शिका, फाउंडेशन परीक्षा आणि रोजच्या कामात तिचा होणारा उपयोग या सर्व बाजू येथे विचारात घेतल्या आहेत. माझे मत आधीच सांगतो. आयटिलचे खरे मोल तिने घडवून दिलेल्या काही मोजक्या भेदांमध्ये आहे. बिघाड दूर करणे आणि बिघाडाचे कारण दूर करणे ही दोन निरनिराळी कामे आहेत, हा त्यांतला सर्वांत महत्त्वाचा भेद होय. ज्या टीमच्या अंगवळणी हे भेद पडतात, तिचे काम निश्चितपणे सुधारते. मात्र आयटिल ही एखाद्या सॉफ्टवेअरप्रमाणे बसवायची वस्तू आहे असे समजून जी संस्था ती सबंधच्या सबंध बसवायला घेते, तिच्या वाट्याला बव्हंशी कागदपत्रेच येतात.

या चौकटीची आजची घडण समजायची असेल, तर तिचा पूर्वेतिहास थोडक्यात माहीत असलेला बरा. तिचा उगम ब्रिटनमधला. सीसीटीए या तेथील सरकारी संस्थेने १९८० च्या दशकात संगणकसेवा चालवण्याच्या चांगल्या पद्धतींचे संकलन हाती घेतले आणि १९८९ पासून त्याची पुस्तके निघू लागली. पुढे या पुस्तकांची संख्या तीसच्या वर गेली. हा पसारा आवरून २००० आणि २००१ मध्ये दुसऱ्या आवृत्तीचे दोन मुख्य ग्रंथ आले, एक सेवेला आधार देण्यावर आणि दुसरा सेवा पुरवण्यावर, आणि आयटिलचा व्यापक प्रसार झाला तो याच आवृत्तीपासून. २००७ च्या तिसऱ्या आवृत्तीने सेवेचे जीवनचक्र कल्पून पाच ग्रंथ दिले. २०११ मध्ये त्यांचे पुनर्लेखन झाले, तेव्हा त्यांत २६ प्रक्रिया आणि ४ कार्यविभाग होते. आयटिल ४ चे पहिले पुस्तक फेब्रुवारी २०१९ मध्ये आले. दरम्यान मालकीही बदलत गेली होती. सरकारकडे असलेली ही मालमत्ता ब्रिटिश सरकार आणि कॅपिटा ही खासगी कंपनी यांच्या भागीदारीतून २०१३ मध्ये उभ्या राहिलेल्या ॲक्सेलॉस या कंपनीकडे गेली आणि २०२१ मध्ये परीक्षा घेणाऱ्या पीपलसर्ट या कंपनीने ॲक्सेलॉसच विकत घेतली. चौकटीचे मालकच तिच्या परीक्षाही घेतात, ही गोष्ट पुढे प्रमाणपत्रांचा विचार करताना ध्यानात ठेवावी लागते.

चौथ्या आवृत्तीत २६ प्रक्रियांच्या जागी ३४ प्रॅक्टिस आल्या. त्यांतल्या १४ सर्वसाधारण व्यवस्थापनाच्या, १७ सेवा-व्यवस्थापनाच्या आणि ३ तांत्रिक आहेत. आकडा वाढलेला पाहून चौकट अधिक जड झाली असे वाटण्याचा संभव आहे, पण वापरताना अनुभव उलट येतो. पूर्वीची प्रक्रिया म्हणजे ठरलेल्या पायऱ्यांचा क्रम होता. प्रॅक्टिसमध्ये पायऱ्यांच्या जोडीला माणसे आणि त्यांची कौशल्ये, माहिती आणि साधने, बाहेरचे पुरवठादार या सर्वांचा विचार होतो, आणि पायऱ्या कशा आखायच्या याची मोकळीक संस्थेला राहते. पायऱ्या काटेकोरपणे लिहिल्या पण त्या पार पाडणाऱ्याला प्रशिक्षणच दिले नाही, किंवा पुरवठादाराच्या करारात त्या पायऱ्यांना जागाच ठेवली नाही, असे प्रकार ज्यांनी पाहिले आहेत त्यांना या बदलाचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. आयटिलच्या व्याख्येप्रमाणे इन्सिडंट म्हणजे सेवेत आलेला अनियोजित खंड किंवा तिच्या दर्जात झालेली घट, आणि प्रॉब्लेम म्हणजे अशा एका किंवा अनेक इन्सिडंटचे प्रत्यक्ष वा संभाव्य कारण. पहिल्यात सेवा लवकरात लवकर पूर्ववत करायची असते, तर दुसऱ्यात कारण शोधून ते दूर करायचे असते. हा भेद वाचताना इतका साधा वाटतो की पुष्कळजण तो परीक्षेपुरता पाठ करून पुढे जातात. तो कामी कसा येतो हे जवळून पाहिलेल्या एका उदाहरणावरून सांगतो.

एका संस्थेत कर्मचाऱ्यांच्या हजेरीची प्रणाली सोमवारी सकाळी मंदावत असे. पडदा उघडायला मिनिटभर लागे, नोंद जतन होत नसे आणि सर्व्हिस डेस्कचे, म्हणजे तक्रारी घेणाऱ्या मदतकक्षाचे, फोन वाजू लागत. ड्यूटीवरचा माणूस ॲप्लिकेशनची सेवा रीस्टार्ट करी, प्रणाली पूर्ववत चाले आणि ‘सेवा पुन्हा सुरू केली, वापरकर्त्याने खात्री केली’ अशी नोंद करून तिकीट, म्हणजे त्या तक्रारीचे प्रकरण, बंद होई. प्रत्येक तिकीट ठरलेल्या मुदतीत बंद झालेले असल्यामुळे महिन्याच्या अहवालात कुठेही उणे दिसत नव्हते. शिवाय सोमवारच्या पाळीला दर वेळी निराळा माणूस असे, त्यामुळे हाच बिघाड गेल्या आठवड्यातही झाला होता हे कोणाच्या लक्षात येण्याचे कारण नव्हते. पुढे एका सहकाऱ्याने बंद झालेली तिकिटे वारांप्रमाणे लावून पाहिली, तेव्हा सोमवारचा ढीग वेगळा उठून दिसला आणि प्रॉब्लेमची रीतसर नोंद झाली.

डेटाबेसचे लॉग, म्हणजे त्याच्या कामकाजाच्या आपोआप होणाऱ्या नोंदी, पाहिल्यावर उलगडा झाला. रविवारी रात्री इंडेक्स, म्हणजे माहिती चटकन शोधण्यासाठीची सूची, नव्याने बांधण्याचे एक काम आपोआप सुरू होत असे. ते काम लावले गेले तेव्हा माहिती थोडी होती आणि ते पहाटेपूर्वीच संपत असे. माहिती वाढत गेली तसतसे ते लांबले आणि सोमवारी सकाळी लोक हजेरी लावू लागत तेव्हाही टेबलांवरचे त्याचे लॉक, म्हणजे इतरांना तेथे थांबवून ठेवणारे कुलूप, कायम राहू लागले. ॲप्लिकेशन रीस्टार्ट केल्यावर अडकून पडलेली कनेक्शन तुटत, आणि तोवर ते कामही संपत आलेले असे. त्यामुळे रीस्टार्टनेच गुण आला असा सर्वांचा समज होता. कारण सापडल्यावर आधी ज्ञात दोष, म्हणजे कारण कळलेला पण अजून दूर न झालेला दोष, म्हणून त्याची नोंद झाली आणि सर्व्हिस डेस्कला नवा वर्कअराउंड, म्हणजे तात्पुरता उपाय, लिहून मिळाला, तो असा की अशी तक्रार आल्यास रीस्टार्ट न करता ते काम तेवढे थांबवावे. त्यानंतर रीतसर चेंज, म्हणजे प्रणालीतला बदल, मंजूर करून ते काम शनिवारी रात्री हलवले आणि जुन्या नोंदी वेगळ्या काढून ठेवल्या. सोमवारच्या त्या तक्रारी बंद झाल्या.

या घटनेत कोणाचा हलगर्जीपणा नव्हता. प्रत्येकाने आपल्यापुढचे काम चोख केले होते, तरी तेच दुखणे पुन्हा पुन्हा उद्भवत होते, कारण इन्सिडंट सोडवण्याच्या कामात कारणाचा शोध बसतच नाही. फोनवर माणूस खोळंबलेला असताना लॉग चाळत बसणे योग्यही नव्हे. म्हणून दोन्ही कामांची नोंद वेगळी, मुदत वेगळी आणि यशाची कसोटीही वेगळी ठेवावी लागते. आयटिल ४ प्रॉब्लेम-व्यवस्थापनाचे तीन टप्पे सांगते. पहिल्यात प्रॉब्लेम ओळखायचा, दुसऱ्यात त्याचे विश्लेषण करून वर्कअराउंड आणि ज्ञात दोष नोंदवायचा, तिसऱ्यात त्या दोषाचे पुढे काय करायचे ते ठरवायचे. तिसऱ्या टप्प्यातली एक गोष्ट मला विशेष आवडते. कायमच्या उपायाचा खर्च आणि धोका दोषाच्या त्रासापेक्षा जास्त असेल, तर वर्कअराउंडवर काम चालवणे हा योग्य निर्णय असू शकतो हे येथे उघडपणे मान्य केले आहे. त्यासाठी तो निर्णय जाणीवपूर्वक घेतलेला असावा आणि त्याचा वेळोवेळी फेरविचार व्हावा एवढीच अपेक्षा आहे.

याच भागात चौकटीची एक मोठी उणीवही जाणवते. लहान टीममध्ये इन्सिडंट सोडवणारी आणि कारण शोधणारी माणसे एकच असतात, आणि तिकिटांचा ओघ चालू असताना कारण शोधायला वेळ कुठून काढायचा हा त्यांचा खरा प्रश्न असतो. आयटिल ४ प्रॉब्लेमचा क्रम धोक्यानुसार लावायला सांगते, पण त्यासाठी माणसांचा किती वेळ राखून ठेवावा याबद्दल पायाभूत पुस्तकात ठोस काही हाती लागत नाही. गूगलमध्ये २००३ च्या सुमारास सुरू झालेल्या एसआरई (साइट रिलायबिलिटी इंजिनिअरिंग) या, प्रणाली विश्वासार्हपणे चालवण्याच्या पद्धतीने याचे थेट उत्तर दिले आहे. तिच्यानुसार हाताने करावे लागणारे, पुन्हा पुन्हा तेच ते स्वरूपाचे काम अभियंत्याच्या वेळाच्या निम्म्याहून जास्त होऊ द्यायचे नाही. आयटिलने असा एखादा आकडा पुढे ठेवला असता, मग तो वादग्रस्त का ठरेना, तर व्यवस्थापकाशी बोलताना टीमच्या हाती काहीतरी आधार आला असता.

सेवा कितपत चांगली द्यायची हे ठरवणाऱ्या सेवा-पातळीच्या प्रॅक्टिसचा दर्जा मात्र उत्तम आहे, आणि येथे चौथी आवृत्ती आपल्या पूर्वसुरींच्या स्पष्टपणे पुढे गेली आहे. सर्व आकडे हिरवे असताना वापरकर्ते नाराज असतात, या स्थितीला पायाभूत पुस्तकात कलिंगडाची उपमा दिली आहे, कारण ते बाहेरून हिरवे आणि कापल्यावर लाल निघते. हजेरी-प्रणालीच्या वरच्या उदाहरणात नेमके हेच घडत होते. आकडे असे फसवे का ठरतात हे थोड्या गणिताने समजते. महिन्याचे ३० दिवस धरले, तर ९९.९ टक्के उपलब्धतेचे वचन म्हणजे महिन्याला सुमारे ४३ मिनिटांच्या खंडाची मुभा. ही मिनिटे मध्यरात्री गेली तर कोणाला कळणारही नाही, आणि पगाराच्या याद्या पाठवण्याच्या शेवटच्या तासात गेली तर सगळा महिना वाया गेल्यासारखे वाटेल. करारातला आकडा मात्र दोन्ही वेळी तोच राहील. दुसरे असे की एखादी सेवा एकामागोमाग जोडलेल्या दहा घटकांवर उभी असेल, त्यांचे बिघाड परस्परांवर अवलंबून नसतील आणि प्रत्येक घटक आपले ९९.९ टक्क्यांचे वचन पाळत असेल, तरीही वापरकर्त्यापर्यंत पोहोचणारी उपलब्धता सुमारे ९९ टक्केच राहते, म्हणजे महिन्याला सात तासांहून अधिक खंड. नेटवर्कवाले, सर्व्हरवाले, डेटाबेसवाले आपापला अहवाल समाधानाने मांडतात आणि ग्राहकाचा अनुभव कोणाच्याच अहवालात उतरत नाही.

यावर आयटिल ४ चा उपाय असा की मोजमाप घटकांच्या उपलब्धतेपाशी न थांबवता ग्राहकाला जे साधायचे आहे त्याच्याशी जोडावे, आणि आकड्यांच्या जोडीला ग्राहकाशी नियमित बोलणे ठेवावे. सेवेच्या तिच्या व्याख्येतही हाच रोख आहे. ग्राहकाला हवे असलेले परिणाम साध्य करून द्यायचे आणि त्यातले विशिष्ट खर्च व धोके त्याने स्वतः सांभाळण्याची गरज उरू द्यायची नाही, याला ती सेवा म्हणते, आणि हे मूल्य पुरवठादार व ग्राहक दोघे मिळून निर्माण करतात असे मानते. वाक्य जड आहे, परंतु कराराच्या वाटाघाटीत ते फार उपयोगी पडते. सर्व्हर किती वेळ चालू होता या चर्चेतून बाहेर पडून, पगार वेळेवर झाले का आणि ते होण्यासाठी आपल्याकडून काय हवे आहे, असे विचारता येते.

चेंजच्या व्यवस्थापनाबद्दल मात्र मला बरेच म्हणायचे आहे, कारण आयटिलवरचा सर्वांत मोठा आक्षेप याच ठिकाणी येतो. प्रत्येक बदल आठवड्याच्या बैठकीत मांडायचा, चेंज ॲडव्हायझरी बोर्डाने म्हणजे कॅबने तो पाहायचा, मंजुरी मिळाल्यावर ठरलेल्या रात्री तो करायचा, ही पद्धत आयटिलच्या नावाने असंख्य संस्थांत रूढ झाली. अशा बैठकीत लांबलचक यादी समोर असते, प्रत्येक बदलाला काही मिनिटे मिळतात आणि मंजुरी देणाऱ्यांपैकी बहुतेकांना त्या बदलाचे तांत्रिक अंग माहीत नसते. रोलबॅकची, म्हणजे बदल फसल्यास तो मागे घेण्याची, योजना आहे का, या प्रश्नाला ‘आहे’ असे उत्तर येते, पण ती योजना कोणी चालवून पाहिली आहे का हा पुढचा प्रश्न क्वचितच विचारला जातो. या पद्धतीने सुरक्षितता वाढते असा समज असला, तरी सॉफ्टवेअर-वितरणाचा अनेक वर्षे अभ्यास करणाऱ्या डोरा या संशोधन-उपक्रमाला तसे आढळले नाही. टीमबाहेरच्या मंजुरीमुळे बदल पोहोचायला उशीर होतो, पण फसलेल्या बदलांचे प्रमाण कमी होताना दिसत नाही, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

आयटिल ४ चा मूळ मजकूर वाचला, तर ती या पद्धतीचा आग्रह धरत नाही हे दिसते. तिने बदलांचे तीन प्रकार केले आहेत. धोका कमी, रीत ठरलेली आणि मंजुरी एकदाच देऊन ठेवलेली असे स्टँडर्ड चेंज हा पहिला प्रकार. स्वरूप व धोका पाहून मंजूर करायचे नॉर्मल चेंज हा दुसरा, आणि ताबडतोब करावे लागणारे इमर्जन्सी चेंज हा तिसरा. मंजुरी कोणी द्यायची हे बदलाच्या प्रकारावरून ठरवायचे आहे. तो अधिकार एका व्यक्तीलाही देता येतो, आणि वेगाने बदल करणाऱ्या संस्थांत मंजुरी विकेंद्रित असते व सहकाऱ्याने केलेली तपासणी तेथे फार परिणामकारक ठरते, हेही तिने नोंदवले आहे. म्हणजे वारंवार यशस्वी झालेला बदल स्टँडर्ड ठरवून बैठकीच्या यादीतून काढून टाकण्याचा मार्ग चौकटीतच मोकळा आहे. तरीही अनेक ठिकाणी स्टँडर्ड चेंजची यादी वर्षानुवर्षे दोन-चार ओळींच्या पुढे सरकत नाही. दोष अंमलबजावणीचा असला, तरी पुस्तकाने या मुद्द्यावर अधिक ठामपणे आणि अधिक उदाहरणांनिशी लिहायला हवे होते. जुन्या आवृत्त्यांनी रुजवलेली सवय दोन परिच्छेदांनी मोडत नाही.

सात मार्गदर्शक तत्त्वे ही आयटिल ४ ची सर्वांत वाचनीय बाजू आहे. मूल्यावर लक्ष ठेवा, प्रतिसाद घेत टप्प्याटप्प्याने पुढे जा, सहकार्य करा व काम सर्वांना दिसू द्या, समग्र विचार करा, साधे व व्यवहार्य ठेवा, आधी सुधारा आणि मग स्वयंचलित करा, ही त्यांतली सहा. ती वाचताना कोणी हरकत घेणार नाही, आणि हीच त्यांची मर्यादाही आहे, कारण ज्याला कोणाचीच हरकत नसते त्यातून निर्णय निघत नाही. सातवे तत्त्व मात्र खरोखर निर्णय बदलणारे आहे. ते म्हणजे जेथे आहात तेथून सुरुवात करा.

याचे महत्त्व सीएमडीबीच्या, म्हणजे संस्थेतल्या प्रणालींच्या मध्यवर्ती नोंदसाठ्याच्या, बाबतीत पटते. संस्थेतले सर्व सर्व्हर, ॲप्लिकेशन, नेटवर्कची उपकरणे आणि त्यांचे परस्परसंबंध एका ठिकाणी नोंदवून ठेवावेत, ही कल्पना निःसंशय उत्तम आहे. पण हे काम सर्वसाधारणपणे सुरू होते ते सगळे एकदम नोंदवण्याच्या महत्त्वाकांक्षेने. शोध घेणारे साधन लावले जाते, हजारो नोंदी गोळा होतात, आणि प्रत्यक्ष आऊटेजच्या, म्हणजे सेवा बंद पडण्याच्या, वेळी हा सर्व्हर बंद ठेवला तर कोणती सेवा अडेल, या एकाच प्रश्नाचे उत्तर त्या नोंदींत नसते. सर्व्हरची मेमरी, प्रोसेसर, सिरियल क्रमांक सगळे व्यवस्थित असते, सेवेशी असलेला संबंध मात्र रिकामा असतो, कारण तो साधनाला आपोआप कळत नाही, माणसालाच भरावा लागतो. सुरुवात आहे तेथून करायची असेल, तर टीमकडे आधीच असलेली, कोणीतरी स्वतःच्या सोयीसाठी ठेवलेली स्प्रेडशीट पाहावी. तीत चार-पाच महत्त्वाच्या सेवा आणि त्यांचे आधार बहुतेक वेळा बरोबर लिहिलेले असतात. त्या सेवांपुरती नोंद अचूक करावी आणि प्रत्येक बदलाबरोबर ती अद्ययावत ठेवण्याची जबाबदारी एका माणसाकडे द्यावी. पुढचा विस्तार गरज पडेल तसा करता येतो.

चौकटीचे सर्व भाग मिळून मूल्य कसे निर्माण करतात हे आकृतीने दाखवणारी सेवा-मूल्य-प्रणाली आणि तिच्यातली सहा कृतींची मूल्यसाखळी यांबद्दल मला तितकेसे चांगले लिहिता येत नाही. आकृती रेखीव आहे, आणि नियोजनापासून आधार देण्यापर्यंतच्या कृती कोणत्याही क्रमाने जोडता येतात ही सोय तिसऱ्या आवृत्तीच्या एकरेषीय वाटणाऱ्या जीवनचक्राहून बरी आहे. तरी हा भाग इतका अमूर्त आहे की तो वाचून उद्या सकाळी वेगळे काय करायचे ते उमगत नाही. नव्या वाचकाने तो एकदा चाळावा आणि प्रॅक्टिसकडे वळावे.

प्रमाणपत्रांविषयी लिहिणे भाग आहे, कारण बहुतेकांचा आयटिलशी पहिला संबंध त्यांच्यामार्फतच येतो. फाउंडेशन परीक्षेत ६० मिनिटांत ४० बहुपर्यायी प्रश्न सोडवायचे असतात आणि उत्तीर्ण होण्यासाठी २६ बरोबर यावे लागतात. पुस्तक जवळ ठेवता येत नाही. प्रश्नांचा भर व्याख्या आणि त्यांतले फरक यांवर असतो. टीममधल्या सर्वांना एकच परिभाषा यावी एवढ्यासाठी ही परीक्षा पुरेशी चांगली आहे. सेवा-व्यवस्थापन येते की नाही हे मात्र तिच्यावरून ठरवू नये, कारण एखाद्या परिस्थितीत काय करावे याचा विवेक ती फारसा तपासत नाही. पुढच्या पातळीवरच्या परीक्षांत प्रसंग देऊन प्रश्न विचारले जातात, आणि त्यांची तयारी करताना शिकायला अधिक मिळते. २०२३ पासून प्रमाणपत्राचे दर तीन वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. ज्ञान ताजे राहावे हा हेतू समजण्यासारखा आहे, तरी ज्याचे रोजचे कामच हे आहे त्याने व्याख्यांची परीक्षा पुन्हा द्यावी किंवा अन्य मार्गाने नूतनीकरणाची अट पुरी करावी, यातून सेवेचा दर्जा कसा वाढतो हे मला पटलेले नाही. त्याहून मोठी तक्रार मार्गदर्शिकांबद्दल आहे. प्रॅक्टिसवरचा सर्वांत उपयोगी, प्रत्यक्ष कामाजवळचा मजकूर त्यांतच आहे आणि तो सर्वांना मुक्तपणे वाचायला मिळत नाही. सरकारी खात्यांच्या कामासाठी जन्मलेल्या या ज्ञानापासून, त्याची सर्वाधिक गरज असलेली सर्व्हिस डेस्कवरची नवखी माणसे दूर राहतात, ही खंतावण्यासारखी गोष्ट आहे.

येथे आणखी एका गैरसमजाचा उल्लेख आवश्यक आहे. आयटिलचे प्रमाणपत्र व्यक्तीला मिळते, संस्थेला नाही. संस्थेला आपल्या सेवा-व्यवस्थापनाची बाहेरून तपासणी करून प्रमाणपत्र हवे असेल, तर त्यासाठी आयएसओ/आयईसी २०००० हे मानक आहे. ते २००५ मध्ये आले आणि त्याच्या आवश्यकतांची आजची आवृत्ती २०१८ ची आहे. मानकात काय असलेच पाहिजे ते सांगितलेले असते, तर ते कसे करता येईल याबद्दल आयटिल सल्ला देते, त्यामुळे दोन्ही एकमेकांना पूरक आहेत. सॉफ्टवेअर विकणारे आपले साधन आयटिलला अनुसरून असल्याचे सांगतात, तेव्हाही त्याचा अर्थ साधनात त्या प्रॅक्टिसना लागणारे फॉर्म आणि टप्पे आहेत एवढाच घ्यावा. वर सांगितलेली सोमवारची तिकिटे अशाच एका चांगल्या साधनात व्यवस्थित नोंदलेली होती.

इतर चौकटींशी तुलना करायची तर कोबिटचा पल्ला निराळा आहे. आयसाका या संस्थेची ही चौकट संचालक मंडळ, लेखापरीक्षक आणि नियंत्रणाची जबाबदारी असणाऱ्यांसाठी आहे. कोबिट २०१९ मध्ये ४० उद्दिष्टे आहेत आणि ती संस्थेने तंत्रज्ञानावर देखरेख कशी ठेवावी हे सांगतात. सर्व्हिस डेस्क चालवणाऱ्याला तिचा थेट उपयोग कमी. एसआरई ही स्वतः सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या आणि चालवणाऱ्या टीमसाठी उत्कृष्ट आहे, आणि वर सांगितलेल्या ४३ मिनिटांकडे खर्च करण्याचे अंदाजपत्रक म्हणून पाहण्याची तिची रीत आयटिल वापरणाऱ्यांनीही उचलावी अशी आहे. ती मिनिटे संपली की नवे बदल थांबवून स्थैर्याचे काम हाती घ्यायचे, असा हा साधा करार आहे. पण विकत घेतलेली पॅकेजे, बाहेरचे पुरवठादार आणि जुन्या प्रणाली यांच्या मिश्रणावर ज्यांचे काम चालते त्यांना केवळ एसआरई पुरत नाही, कारण ज्या प्रणालीचा कोड आपल्या हातात नाही तिच्याबाबत पुरवठादाराशी करावयाच्या व्यवहाराची दिशा तीत फारशी नाही. तेथे आयटिलचे पुरवठादार आणि सेवा-पातळीविषयीचे विवेचन अधिक कामाचे ठरते.

फिटएसएमचा उल्लेख आवर्जून करतो, कारण तिची माहिती असायला हवी तितक्या लोकांना नाही. युरोपीय निधीतून चाललेल्या एका प्रकल्पात तयार झालेली ही हलकी मानकमाला क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली विनामूल्य मिळते आणि किमान काय असावे हे थोडक्या पानांत सांगते. तीत आयटिलइतके विवेचन नाही आणि उदाहरणेही कमी आहेत, पण आयटिलची अनेक पाने वाचून जो प्रश्न उरतो, की आपल्याएवढ्या टीमने निदान काय करावे, त्याचे उत्तर तिच्यात सरळ मिळते.

शिफारशीबद्दल बोलायचे तर मध्यम किंवा मोठ्या संस्थेत, जेथे अनेक टीम आणि पुरवठादार मिळून एकच सेवा चालवतात, तेथे आयटिल ४ निःशंकपणे वापरावी. तेथे समान परिभाषेअभावी होणारे नुकसान मोठे असते आणि ते भरून काढणारी याहून परिपूर्ण चौकट माझ्या पाहण्यात नाही. सुरुवात इन्सिडंट आणि प्रॉब्लेम या दोन प्रॅक्टिसपासून करावी, त्यांच्या नोंदी खऱ्या होऊ लागल्या की चेंज आणि सेवा-पातळीकडे वळावे, उरलेल्या तीस प्रॅक्टिस गरज पडेल तेव्हा उघडाव्यात. पाच-सात माणसांच्या टीमने मात्र आधी फिटएसएमच्या आवश्यकता वाचाव्यात, आयटिलमधून प्रॉब्लेम-व्यवस्थापनाची मार्गदर्शिका तेवढी मिळवावी, आणि आठवड्यातून एकदा बंद झालेली तिकिटे वार, सेवा आणि उपाय यांप्रमाणे लावून पाहण्यासाठी एका माणसाचा वेळ राखून ठेवावा.